वहिनीला न सांगता कळायचं

पहिल्यांदा आलेला पेशंट तिच्यासमोर मान खाली घालून बसायचा. मग ती हातातला ब्रश खाली ठेवून म्हणायची, "इकडे बघा. एक गेलाय, दुसऱ्याला तरी सुट्टी देऊ नका." माणूस आधी चपापायचा, मग हसायचा, आणि हसताना त्याच्या चांगल्या डोळ्यातलं बुबुळ कसं दिसतं हेच तिला टिपायचं असायचं. ती तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती, पण त्या तोंडाळपणातला निम्मा भाग धंद्याचा होता.

ती कृत्रिम डोळे बनवायची. कोणाचा डोळा अपघातात जातो, कोणाचा आजारात, कोणाचा लहानपणीच्या खेळात. अशांसाठी ती गावोगावच्या हॉस्पिटलांत ठरलेल्या फेऱ्या करायची. तिथे तिला खिडकीजवळची एक खोली आणि एक टेबल मिळे. खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा साचा करायचा, पांढरं कवच घडवायचं आणि मग चांगल्या डोळ्याकडे बघत त्याचा जोडीदार रंगवायचा. शिरा दाखवण्यासाठी ती लाल रेशमाचे तंतू सोडवून चिकटवायची. हॉस्पिटलातली सगळी तिला डोळेवाली म्हणत, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे.

एका बाबतीत मात्र तिचं तोंड शिवलेलं असे. कोणाचा कुठला डोळा आपण केलाय हे ती कोणाला सांगत नसे. घरी नाही, दारी नाही. रस्त्यात पेशंट समोरून आला तर ती स्वतःहून ओळख दाखवायची नाही. त्यानं आधी हसावं, मग तिनं. नाही हसला तर ती दुकानातल्या भांड्यांकडे बघत पुढे जायची. "माझं काम दिसलं तर ते फसलं," असं ती म्हणे. तिची सगळी कमाई या गप्प बसण्यावर उभी होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फिरतीवरच्या बाईला सांभाळायच्या गोष्टी आणखीही होत्या, आणि त्यांचा जिम्मा धाकट्या बहिणीनं घेतला होता. बहीण बँकेत. लोक कसकसे लुबाडले जातात हे रोज डोळ्यांसमोर बघणारी. तिनं थोरलीला अगदी घोकवून घेऊन तयार केलं होतं. स्टेशनवरच्या फुकटच्या वायफायला हात लावायचा नाही. फोन चार्ज करायचा तो स्वतःच्याच चार्जरनं. कोणी कितीही गोड बोललं तरी ओटीपी द्यायचा नाही. कुठे गेलोय त्याचे फोटो घरी परत आल्यावरच टाकायचे, म्हणजे घर रिकामं आहे हे जगाला कळत नाही. डोळेवालीनं हे सगळं पाळलं, वर स्वतःची भर घातली. एकदा तर बँकेतून खरोखरच फोन आला, तोही बहिणीच्या शेजारच्या टेबलावरून, आणि हिनं त्या बिचाऱ्याला असा झाडला की दुसऱ्या दिवशी बहिणीला त्याची माफी मागावी लागली. "ताई, तू पास," बहीण म्हणाली. "जरा जास्तच पास."

तर अशी ही सावध बाई. आता तिच्या लॉजबद्दल.

फेरीतल्या एका गावात ती वर्षानुवर्षं एकाच लॉजवर उतरायची. मालक वारल्यापासून त्याची बायको लॉज चालवत होती. मालकाला सगळे दादा म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. डोळेवालीही वहिनीच म्हणायची, फक्त त्यातलं अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही आठवत नव्हतं. वहिनी दिवसभर काउंटरमागे बसायची. मागे चाव्यांची फळी, समोर घंटी, आणि बाजूला त्या काउंटरला अजिबात न शोभणारा एक भला मोठा स्क्रीन. वहिनीचा भाचा फोटोग्राफर होता, तो दूर नोकरीला गेला आणि त्याचं हे धूड इथेच राहिलं. वहिनी त्यावर पाहुण्यांची नोंद करी, तिकिटं छापून देई आणि दुपारी मालिका बघे.

त्याच गावातल्या शाळेत गाणं शिकवणारी एक तरुण शिक्षिका डोळेवालीची पेशंट होती. डावा डोळा लहानपणीच गेलेला. आधीचा कृत्रिम डोळा निस्तेज झाला होता, एका जागी खिळल्यासारखा दिसायचा, म्हणून ती नवा करून घ्यायला आली. शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच भेटीत तिनं सांगून टाकलं, "मुलं माझ्या तोंडाकडे बघून गातात. उद्या ती डोळ्याकडे बघायला लागली तर मी शिकवायचं कसं? हे बाहेर जाता कामा नये."

"माझ्याकडून गेलं तर माझं दुकान बंद," डोळेवाली म्हणाली.

डोळा झाला. इतका चांगला झाला की बसवल्यावर शिक्षिका आरशापासून हलेना. पण डोळेवालीची एक पद्धत होती. हॉस्पिटलातला उजेड वेगळा आणि माणसाच्या घरातला वेगळा, म्हणून ती पेशंटला घरी गेल्यावर सकाळचा एक आणि दुपारचा एक फोटो पाठवायला सांगायची. रंग उतरतोय का, नजर सरळ आहे का, हे त्यावरून कळायचं. शिक्षिकेचे फोटो आले तेव्हा डोळेवाली लॉजच्या काउंटरपाशी चहा पीत उभी होती. फोन डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, उजेडात फिरवून झाला. तपकिरी रंगात पिवळा कमी पडलाय की फोनच खोटं बोलतोय, काही कळेना.

"अगं, या स्क्रीनवर बघ ना," वहिनी म्हणाली. "भाचा म्हणायचा, याच्याइतका खरा रंग कुठे दिसायचा नाही. तुझा फोन इकडे धर."

स्क्रीनवर एक चौकोनी ठिपक्यांचं जाळं आलं, वहिनीनं तिच्या फोनचा कॅमेरा त्यापुढे धरायला लावला, आणि फोनमधले सगळे मेसेज त्या मोठ्या स्क्रीनवर उघडले. डोळेवाली हरखलीच. वहिनीला तिनं आदबीनं आत जायला सांगितलं, वहिनीही शहाण्यासारखी स्वयंपाकघरात गेली. डोळेवालीनं फोटो मोठा करून पाहिला. पिवळा कमीच होता, केसभर. तिनं ती खिडकी बंद केली, वर उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून, आणि निश्चिंतपणे जेवायला बसली. बहिणीनं शिकवलेल्या धड्यांत अनोळखी माणसं खच्चून भरली होती. वहिनी त्यांत कुठेच नव्हती.

त्यानंतरच्या फेऱ्यांत वहिनीला तिच्या मनातलं कळायला लागलं.

आधीही वहिनी प्रेमळ होती, पण आता तर कमालच झाली. गुडघ्यानं उचल खाल्ली तेव्हा डोळेवालीनं ते फक्त बहिणीला कळवलं होतं, आणि लॉजवर पोचते तो खोलीत गरम पाण्याची पिशवी तयार. बस चुकून संध्याकाळ झाली, तर वहिनी पायरीवर वाट बघत उभी. बहिणीशी आईच्या घरावरून वाजलं, तेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "धाकट्यांशी फार ताणू नये गं. तुटलं की आपल्यालाच लागतं." डोळेवाली चमकली. तिनं तर कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं बहिणीला लिहिलं, रागही होता थोडा: "रक्ताच्या माणसांना कळत नाही ते या बाईला न सांगता कळतं."

आयुष्यभर परक्या गावांतल्या परक्या खोल्यांत झोपलेल्या बाईला असं माणूस मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. डोळेवाली बाकीच्या गावांतले मुक्काम आखडते घेऊन इथे एखादा दिवस जास्त राहू लागली.

एक गोष्ट मात्र तिला खात होती. फोन उघडावा, तर आपण न पाहिलेले मेसेज पाहिलेले दिसायचे. पेशंट विचारायचे, "तुम्ही वाचलंत, उत्तर दिलं नाहीत," आणि हिला काही आठवायचं नाही. एकदा झालं, दोनदा झालं, मग ती घाबरली. तिच्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. हे तिनं वहिनीजवळ बोलून दाखवलं, नेहमीचा फटकळपणा बाजूला ठेवून, अगदी हळू आवाजात.

वहिनीनं तिचा हात हातात घेतला. "होतं गं वयानं. एकदा डॉक्टरांना दाखवून घे, मनाला बरं वाटेल."

तिनं दाखवूनही घेतलं. डॉक्टरनं शंभरातून सात सात वजा करायला लावले, ते तिनं त्याच्यापेक्षा भराभर केले. तरी धास्ती गेली नाही.

मग एका फेरीत, सकाळी हॉस्पिटलातली खोली उघडून ती ब्रश मांडते तोच गाण्याची शिक्षिका आत आली. आधी ठरलेलं नव्हतं. डोळ्यांवर काळा चष्मा. तिनं पर्समधून छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. अशाच डबीत डोळेवाली तयार केलेले डोळे देत असे.

"हा ठेवून घ्या," शिक्षिका म्हणाली. "तो खोटा आहे हे आता शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मग तो घालून मी कोणाला फसवू?"

डोळेवाली म्हणाली, "मी सांगितलेलं नाही."

"तुमच्या लॉजवाल्या वहिनींनी सांगितलं. आमच्या हेडबाई तिथे पाहुण्यांसाठी खोली ठरवायला गेल्या होत्या. त्यांना वहिनी कौतुकानं म्हणाल्या, तुमच्या गाण्याच्या बाईंचा डावा डोळा आमच्या मैत्रिणीनं केलाय, खऱ्यालाही मागे सारेल असा. आता वर्गात पोरं एकेक डोळा मिटून माझ्याकडे बघतात, आणि कुठला खोटा यावर पैजा लावतात."

"मी वहिनीला तुमचं नावही सांगितलेलं नाही. शप्पथ."

"मग मी पिवळ्या पडद्यापाशी ओले केस सोडून उभी आहे, हे त्यांनी हेडबाईंना कसं सांगितलं? तो फोटो मी जगात एकाच माणसाला पाठवला होता."

एवढं बोलून ती गेली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं डोळेवालीला वाटलं.

फोन तिच्या हातातून कधी सुटलेला नव्हता. रात्री उशाखाली, अंघोळीला जाताना बाथरूमच्या खिडकीत. तिनं बहिणीला फोन लावला, आणि आवाज ऐकूनच बहीण टेबलावरून उठून बाहेर आली. "ताई, नीट ऐक. तुझे मेसेज आणखी कुठे उघडलेले आहेत ते फोनच सांगतो. सेटिंग्जमध्ये जा." बहीण सांगत गेली, ही बोट ठेवत गेली. शेवटी तिथे एक संगणक दिसला. खाली लिहिलं होतं की तो आजच सकाळी चालू होता.

"कोणाचा आहे तो?" बहिणीनं विचारलं.

डोळेवालीनं फोन बंद केला. गरम पाण्याची पिशवी, पायरीवर उभी वहिनी, भाजी निवडता निवडता काढलेले शब्द, सगळं एकामागून एक तिच्यासमोर आलं आणि प्रत्येकाला आता वेगळाच अर्थ होता. सगळ्यात शेवटी आठवला तो तिच्या हातावर ठेवलेला हात. होतं गं वयानं.  पेशंटना तिनं दुपारपर्यंत थांबायला सांगितलं आणि ती लॉजकडे निघाली.

वहिनी काउंटरमागे बसलेली होती. डोळे लाल. काउंटरवर चहाचे दोन कप भरून ठेवलेले. मधल्या वेळात बहिणीनं काळजीनं मेसेज पाठवला होता, "सापडलं का? लॉजवालीच आहे ना?", आणि तो वहिनीनं डोळेवालीच्या आधी वाचला होता.

"बस," वहिनी म्हणाली. "चहा घे आधी."

डोळेवाली उभीच राहिली. "कधीपासून वाचतेस?"

"त्या फोटोच्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी मालिका लावायला गेले तर तुझंच उघडलं. बंदच करणार होते. मग तुझ्या गुडघ्याचं वाचलं. म्हटलं, कळलंय तर पिशवी भरून ठेवू. यात मी तुझं वाईट काय केलं?"

"त्या मुलीचं वाटोळं केलंस."

"मी तिचं कौतुकच केलं. तुझं कौतुक केलं. एवढं सुंदर काम करतेस आणि जगाला सांगत नाहीस, मला राहवलं नाही." वहिनीनं पदरानं डोळे पुसले. "तूच बहिणीला लिहिलंस ना, रक्ताच्या माणसांना कळत नाही ते मला कळतं म्हणून. ते वाचून मी किती रडले माहीत आहे? दादा गेल्यावर माझ्याबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं."

आपण भांडायला आलोय हे डोळेवाली क्षणभर विसरली. ही बाई खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच जीव लावला होता, आणि तो लावताना कुलूप लावलेल्या पेटीत हात घालतोय हे तिच्या गावीही नव्हतं. पण मग तो हातावरचा हात पुन्हा आठवला.

"मी विसराळू झाले म्हणून तुझ्यापाशी रडले," ती म्हणाली. "तेव्हा तुला माहीत होतं. माझे मेसेज तू उघडत होतीस म्हणून ते वाचलेले दिसत होते. आणि तू मला डॉक्टरकडे पाठवलंस."

वहिनीनं चहाचा एक कप तिच्याकडे सरकवला.  ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आली नसतीस परत."

डोळेवालीनं फोन काढला आणि बहिणीनं दाखवल्या जागी बोट ठेवून तो संगणक काढून टाकला. समोरच्या मोठ्या स्क्रीनवरची तिची सगळी माणसं एकदम गेली, आणि तेच ठिपक्यांचं जाळं परत आलं. वहिनी त्याकडे बघत राहिली.

"आता तू कधी येणार ते मला कसं कळायचं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला कळायचं काही कारण नाही," डोळेवाली म्हणाली, आणि खोलीतली बॅग घ्यायला वर गेली. चहा तसाच राहिला.

शाळा सुटायच्या वेळेला ती डबी घेऊन फाटकाशी उभी होती. शिक्षिका बाहेर आली तशी तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. स्क्रीन, ठिपके, फुली मारून बंद केलेली खिडकी. आपण कसे अनोळखी लोकांना घाबरत राहिलो आणि दार कोणासाठी उघडं ठेवलं, हेही. फोटो तिच्यादेखत पुसून टाकले. मग डबी पुढे केली.

शिक्षिकेनं डबी घेतली नाही. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला पटलंय," ती म्हणाली. "पण फसलात तुम्ही आणि उघडी पडले मी. दुसरं कोणी आहे का हे काम करणारं?"

होतं. लांबच्या शहरात एक जण होता, ज्याच्या जड हाताची डोळेवाली आजवर चेष्टा करत आली होती. तिनं त्याचा नंबर सांगितला. रंग जरा गडद करतो, त्याला आधीच सांगा, एवढंच पुढे जोडलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये गुडघा ठणकत होता. तिनं सवयीनं फोन काढून बहिणीला लिहिलं, "गुडघा परत दुखतोय." लिहिलेलं थोडा वेळ बघितलं, पुसलं, आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

पुढे ती त्या गावात आली की हॉस्पिटलच्याच एका बिनखिडकीच्या खोलीत राहायची. पेशंटचे फोटो मागवणं तिनं बंद केलं. ज्याला रंग दाखवायचाय त्यानं स्वतः यायचं. काम वाढलं, पेशंट कुरकुरले, तिनं ऐकलं नाही. डबी टेबलाच्या खणात होती. प्रत्येक फेरीत ती तो डोळा काढून पॉलिश करायची आणि परत ठेवायची.

मग एका सकाळी, बाजाराच्या रस्त्यावर, समोरून ती शिक्षिका येताना दिसली. काळा चष्मा नव्हता. डाव्या खोबणीत नवा डोळा होता, आणि त्या जड हाताच्या माणसानं सांगूनही रंग गडदच केला होता. उन्हात तो शेजारच्या डोळ्यापासून सरळ वेगळा पडत होता. केसभर पिवळा हवा होता, एका बैठकीचं काम. डोळेवालीचे पाय आपोआप थांबले. दोघींची नजरानजर झाली.

तिचा नियम तिला पाठ होता. त्यानं आधी हसावं, मग आपण. ती वाट बघत उभी राहिली.

शिक्षिका हसली नाही. डोळेवालीनं बाजूच्या दुकानातल्या भांड्यांकडे तोंड वळवलं, आणि ती पुरती पुढे जाईपर्यंत भांडीच बघत राहिली.